अर्ध्या उजेडाचे मोजमाप

१८८१ साली लंडनमधले नेत्रतज्ज्ञ वॉरेन टे एका वर्षाच्या बाळाचे डोळे तपासत होते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी त्यांना चेरीसारखा लाल ठिपका दिसला. काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड सॅक्स यांनी अशाच बाळांच्या मेंदूतल्या बिघाडाचे वर्णन केले आणि आजाराला दोघांचे मिळून नाव पडले : टे-सॅक्स. यात मूल जन्मतः चांगले दिसते. चार-सहा महिन्यांनी ते बारीकशा आवाजानेही दचकू लागते, मग बसायचे विसरते, मग त्याची नजर जाते. चार-पाच वर्षांच्या आत ते दगावते. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांत हा आजार जास्त आढळे.

आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तरच मूल आजारी होते, तेही दर गर्भारपणी चारात एक या शक्यतेने. वाहक स्वतः पूर्ण निरोगी असतात. अश्केनाझी समाजात साधारण तीस जणांत एक वाहक असतो, पण चेहऱ्यावरून, तब्येतीवरून ते कळायला मार्ग नव्हता. पहिले मूल आजारी पडले, की मगच आईबाप वाहक आहेत हे समजे.

वाहकाच्या शरीरात एक एन्झाइम निम्म्याने असते. म्हणजे ‘आहे की नाही’ असे विचारून भागणार नव्हते. ‘किती आहे’ हे विचारायला हवे होते. हे विचारण्याचे साधन एका रंगद्रव्यातून आले, म्हणून ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

क्विनीनच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पडला की ते निळे उजळते. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी याचा अर्थ लावला आणि त्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. अंबेलिफेरोन हे असेच उजळणारे द्रव्य. त्याचे नाव पडले आहे ते अंबेलिफेरी या वनस्पतिकुलावरून. कोथिंबीर, गाजर, ओवा, हिंग ही सगळी याच घरची. १९६१ मध्ये लीबॅक आणि वॉकर या ब्रिटिश संशोधकांनी अंबेलिफेरोनच्या एका भावंडाला साखरेचा रेणू जोडून हेक्सोसामिनिडेज नावाचे एन्झाइम मोजायची पद्धत दिली. साखर जोडलेली असते तोवर रंगद्रव्य जवळपास विझलेले असते, जणू दिव्यावर टोपी घातली आहे. एन्झाइम ती टोपी कापते आणि दिवा लागतो. जितके दिवे लागले, तितके काम झाले.

नेहमीच्या रंगबदलाच्या चाचणीत भरपूर प्रकाशातून थोडासा कमी झालेला मोजावा लागतो. इथे अंधारात उगवलेला प्रकाश मोजायचा. भर दुपारी मेणबत्ती विझली की नाही हे ओळखणे कठीण, अमावस्येच्या रात्री काजवा ओळखणे सोपे. त्याच १९६१ साली बोरिस रोटमन यांनी तेलातल्या अतिसूक्ष्म थेंबांत एन्झाइमच्या एकेकट्या रेणूचे काम अशाच एका पदार्थाच्या उजेडावरून मोजून दाखवले होते.

तरीही टे-सॅक्सचे कोडे लगेच सुटले नाही, कारण आजारी बाळांतले एकूण हेक्सोसामिनिडेज कमी नव्हतेच. १९६८ मध्ये रॉबिन्सन आणि स्टर्लिंग यांनी दाखवले, की या एन्झाइमची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन रूपे आहेत. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात शिंतारो ओकाडा आणि जॉन ओब्रायन यांना आढळले, की या बाळांत ‘ए’ जवळजवळ नाहीच. ‘बी’च्या उजेडात ‘ए’चा अंधार झाकला गेला होता. जर्मनीत कोनराड सँडहॉफही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले.

आता दोघांना वेगळे मोजायचे कसे? युक्ती अगदी घरगुती निघाली. ‘ए’ला उष्णता सोसत नाही, ‘बी’ला सोसते. नमुन्याचा एक भाग तसाच ठेवायचा, दुसरा पन्नास अंशांच्या आसपास तापवायचा, दोन्हींत रंगद्रव्य घालायचे आणि वजाबाकी करायची.

या घराण्यातल्या चाचण्या मी स्वतः केल्या आहेत. एन्झाइमला आम्ल द्रावण लागते, पण त्यात सुटलेले रंगद्रव्य मंदच दिसते. ठरलेल्या मिनिटाला अल्कली ओतली की एन्झाइम थांबते आणि त्याच क्षणी नळीत निळा उजेड भरतो. कितीही वेळा केले तरी मी त्या क्षणी मान वर करत नाही. पण खरे काम पुढचे असते. माहीत असलेल्या प्रमाणातल्या रंगद्रव्याशी तुलना केल्याशिवाय त्या निळाईला काही अर्थ नसतो. नमुना कुणाचा, हेही पाहावे लागते. गरोदर स्त्रीच्या रक्तद्रवातले आकडे फसवे येतात, म्हणून तिच्या पांढऱ्या पेशी घेतात.

बाल्टिमोरचे डॉक्टर मायकेल कॅबॅक यांनी ही चाचणी समाजात नेली. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ ते रब्बी, डॉक्टर आणि सामान्य कुटुंबांशी बोलत होते. वंशाच्या नावाखाली झालेल्या कत्तलीला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. अशा समाजाला ‘तुमच्या रक्तात काय आहे ते पाहू द्या’ असे म्हणणे सोपे नव्हते. मे १९७१ मध्ये बेथेस्डा इथल्या सिनेगॉगमध्ये पहिले शिबिर झाले आणि एका दिवसात १,८०० च्या आसपास लोकांनी रक्त दिले. पुढच्या तीन दशकांत जगभरात दहा लाखांहून अधिक लोक तपासले गेले. उत्तर अमेरिकेतल्या ज्यू समाजात टे-सॅक्सच्या बाळांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली.

त्याच काळात, त्याच देशात सिकलसेलचे उलटे झाले. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. घाईत वापरल्या गेलेल्या विद्राव्यता चाचणीला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नसे. निरोगी वाहकांवर आजारीपणाचा शिक्का बसला आणि काहींना नोकरी व विमा नाकारला गेला. तिथे चाचणी ढोबळ होती, हे एक कारण. लोकांना आधी विचारले नव्हते, हे मला मोठे कारण वाटते.

विचारण्याची रीत सगळीकडे एकच असेल असेही नाही. टे-सॅक्सने चार मुले गमावलेले रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. ठरवून लग्ने होणाऱ्या त्या सनातनी समाजात वाहक म्हणून नाव फुटले, तर स्थळ हुकायची भीती. म्हणून संस्था व्यक्तीला निकाल सांगतच नाही. दोघांचे क्रमांक जुळवून जोडी योग्य आहे की नाही, एवढेच सांगते.

आता जनुकच वाचता येते, तरी ही निळी चाचणी अडगळीत गेलेली नाही. जनुकाच्या यादीत आधी माहीत असलेले दोषच सापडतात आणि त्या याद्या बऱ्याच अंशी अश्केनाझींवरून बनल्या. गुजरातमधल्या टे-सॅक्स कुटुंबांत वारंवार आढळलेला दोष वेगळाच आहे. एन्झाइम मात्र दोष कुठला ते विचारत नाही, कमी पडले की उजेडही कमी.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी होते तेव्हा मला हा इतिहास आठवतो. आपल्याकडे विद्राव्यता चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिससारखी नेमकी चाचणी करतात, म्हणजे वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येतात. पण तो कागद हातात पडल्यावर ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ त्या मुलीला, तिच्या आईला आणि उद्या येणाऱ्या स्थळाला कोण समजावून सांगणार? कॅबॅक यांनी पहिली सुई टोचण्याआधी वर्षभर हेच काम केले होते.