तालमीतील मालीश : हातांची विद्या

वाचकहो, कुस्तीचा इतिहास सांगताना आपण पैलवानांची नावे घेतो, मैदानांची वर्णने करतो. परंतु ज्या हातांनी त्या पैलवानांची अंगे चोळून तयार केली, त्यांची नोंद क्वचितच सापडते. वस्तुतः व्यायामाआधी अंग मोकळे करणे व व्यायामानंतर शीण उतरविणे, यासाठी मालीश फार जुन्या काळापासून चालत आली आहे.

बुखाऱ्याजवळ जन्मलेले थोर हकीम इब्न सीना (980–1037) यांनी ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथात तिचा पद्धतशीर विचार केला. व्यायामापूर्वीची तयारीची मालीश व व्यायामानंतरची शरीर पूर्ववत करणारी मालीश, असे दोन भेद त्यांनी सांगितले. जोराने चोळल्यास अंग घट्ट होते, हळुवार चोळल्यास सैल पडते, असे त्यांचे म्हणणे. ग्रीक वैद्य गॅलेनचे विचार त्यांच्यापुढे होतेच. आपल्याकडे आयुर्वेदातही अभ्यंगाला दिनचर्येत स्थान आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्या सिंधुदुर्गातून फोंडाघाट चढून पुढे गेले की कुस्तीचे माहेरघर कोल्हापूर लागते. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे तालमींना उदार आश्रय दिला. खासबागचे मैदान 1912 साली उभे राहिले. याच महाराजांच्या आश्रयाने 1906 साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, हे येथे नमूद केले पाहिजे. आखाडा आणि शाळा ही दोन्ही त्यांना समाजाची गरज वाटत होती.

तालमीत मालीश हा व्यायामाचाच भाग असतो. पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. धाकटे वस्तादांची सेवा करतात. तळहात, अंगठे, कोपर यांचा दाब कोठे किती द्यावा, हे पाहून आणि करूनच शिकायचे. चोळणाऱ्याच्या खांद्या-मनगटांनाही त्यात मेहनत घडते. हौदातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. घामेजल्या अंगाला तीही चोळली जाते. शिवाशिवीच्या काळात एकाने दुसऱ्याच्या अंगाला निःसंकोच हात लावणे ही लहान गोष्ट नव्हती.

हीच विद्या एका मुसलमान गृहस्थाने सातासमुद्रापार नेली. पाटण्याचे शेख दीन महंमद (1759–1851) यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाची व चंपीची स्नानगृहे चालविली, त्यावर ग्रंथ लिहिला आणि राजे चौथे जॉर्ज यांच्यापर्यंत कीर्ती मिळविली. ‘शॅम्पू’ हा शब्द मूळचा आपल्या ‘चांपणे’च्या कुळातला! त्यांनी लिहून ठेवले, म्हणून त्यांचे नाव उरले. आमच्या अनेक वस्तादांनी लिहिले नाही. त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली.

मात्र जुने ते सर्वच खरे मानू नये. 2020 साली 29 अभ्यासांचा, म्हणजे 1,012 व्यक्तींवरील प्रयोगांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मालिशीने ताकद, वेग वा दम वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. परंतु अंगाची लवचिकता थोडी वाढते आणि मेहनतीनंतर येणारी अंगदुखी थोडी कमी होते, असे दिसले. मालिशीने स्नायूंतील आम्ल वाहून जाते, या समजुतीलाही 2010 सालच्या कॅनडातील प्रयोगाने धक्का दिला. तात्पर्य, मालीश मेहनतीची सोबतीण आहे. मेहनतीची जागा ती घेऊ शकत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, ताकद वाढविण्याची हमी देणाऱ्या तेलांच्या नादी लागू नका. सूज असेल, हाड दुखावले असेल, तर चोळण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. आणि रापण ओढून दमलेल्या माणसाचे खांदे खोबरेलाने चोळणारी कोणी वडीलधारी व्यक्ती तुमच्या वाडीत असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. काय, कोठे, किती वेळ, हे विचारून लिहून घ्या. त्यातले खरे किती, खोटे किती, हे पुढे पारखता येईल. पण पारखायला ती विद्या आधी कागदावर उरली पाहिजे.