'लिबर्टी' आणि 'फ्रीडम' : दोन पर्यायशब्दांचा इतिहास

इंग्रजीतील 'लिबर्टी' आणि 'फ्रीडम' या दोन्ही शब्दांसाठी मराठीत सामान्यतः 'स्वातंत्र्य' हा एकच शब्द योजिला जातो. तथापि असे दोन पर्यायशब्द एखाद्या विधिग्रंथात शेजारी आले, की त्यांच्यामधील सीमारेषेचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही.

व्युत्पत्तीने हे शब्द भिन्न कुळांतील आहेत. 'फ्रीडम' हा जुन्या इंग्रजीतील देशी शब्द असून त्यातील 'फ्री' या अंशाचा संस्कृत 'प्रिय' शब्दाशी धातुसंबंध आहे. जो आप्तांपैकी तो मुक्त, दास नव्हे, असा त्याचा अर्थविकास मानला जातो. 'लिबर्टी' हा लॅटिन 'लिबेर्तास' या शब्दापासून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. १२१५ च्या मॅग्ना कार्टात त्या लॅटिन शब्दाचे अनेकवचन विशिष्ट वर्गांचे व संस्थांचे हक्क या अर्थी येते. परंतु नगराच्या सदस्यत्वाच्या हक्काला 'फ्रीडम' म्हणण्याचीही रूढी होती. सारांश, कुळे भिन्न असली तरी अर्थक्षेत्रे पूर्वीपासूनच परस्परांत मिसळलेली होती.

भारतीय संविधानात हे दोन्ही शब्द आले. उद्देशिकेत अभिव्यक्तीची 'लिबर्टी' आहे, तर अनुच्छेद १९ मध्ये अभिव्यक्तीचेच 'फ्रीडम'. अनुच्छेद २१ मध्ये पुन्हा 'लिबर्टी' आहे. तेथे मसुदा समितीने १९४८ साली 'पर्सनल' हे विशेषण जोडले. अन्यथा त्या शब्दाचा व्यापक अर्थ लावला जाऊन इतरत्र सांगितलेली 'फ्रीडम'ही त्यात समाविष्ट होतील, अशी तिची भीती होती.

या विशेषणाचे मोल लवकरच दिसून आले. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या अर्जावर १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की दोन्ही अनुच्छेदांचे विषय पृथक् आहेत. त्यामुळे स्थानबद्धतेचा कायदा अनुच्छेद १९ च्या कसोटीवर पारखता आला नाही आणि गोपालन यांची सुटका झाली नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी मात्र हे हक्क परस्परव्यापी असल्याचे भिन्न मत नोंदविले. मनेका गांधी खटल्यात १९७८ साली न्यायालयाने व्यापक अर्थ स्वीकारला आणि ती भिंत पाडली.

यावरून एवढे स्पष्ट होते, की पर्यायशब्दांतील भेद व्युत्पत्तीत साठविलेला नसतो. विशेषण, संदर्भ आणि प्रयोग यांनी तो घडतो व मोडतोही. संविधानाच्या मराठी पाठात तिन्ही ठिकाणी 'स्वातंत्र्य' हाच शब्द आहे. या एका शब्दाने इंग्रजीतील भेद झाकला हे खरे; परंतु न्यायालयाने अठ्ठावीस वर्षांनी मान्य केलेले ऐक्यही त्यातच सूचित होते.