एलआरआरसी८ए
मानवी पेशीचे आकारमान राखणाऱ्या ऋणायन-मार्गिकेचे अनिवार्य प्रथिन. यात ८१० ॲमिनो अम्ले असून त्याचे जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. पाणी शिरून पेशी फुगली की मार्गिका उघडते. क्लोराइड आयन आणि टॉरिनसारखे सेंद्रिय रेणू बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जाते आणि फुगवटा ओसरतो. आयनांच्या या वहनातून होणारा विद्युतप्रवाह १९८०च्या दशकापासून ठाऊक होता. प्रथिनाची ओळख पटायला मात्र २०१४ साल उजाडले. अमेरिकेत आर्डेम पटापूटियन आणि जर्मनीत टोमास येंच यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले, ही पेशीविज्ञानातील मोठीच कामगिरी. मार्गिका सहसा सहा घटकांची असते. त्यात याच एलआरआरसी८ कुलातील बी, सी, डी वा ई प्रथिनेही लागतात. डी असल्यास सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषधही या वाटेने पेशीत शिरू शकते.