डेबियनमधील कर्नल पॅकेज व बूट लोडर

डेबियन या मुक्त संगणक प्रणालीत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तयार पॅकेजच्या रूपात मिळतो. तिच्या इन्स्टॉलरमध्ये २००९ च्या ५.० (लेनी) आवृत्तीपासून मराठीचा पर्याय आहे. तो फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये दिसतो, कारण साध्या मजकूर-पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

नव्या आवृत्तीचे पॅकेज बसवल्याने जुना कर्नल पुसला जात नाही. दोन्ही 'बूट' निर्देशिकेत राहतात आणि 'अपडेट-ग्रब' हा आदेश आपोआप चालून ग्रब या बूट लोडरची यादी नव्याने लिहिली जाते. साहजिकच त्या यादीच्या फाइलमध्ये हाताने केलेले बदल टिकत नाहीत. प्रतीक्षेचा वेळ किंवा कर्नलला द्यायचे पर्याय '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये नोंदवून तोच आदेश पुन्हा चालवावा लागतो.

नव्या कर्नलवर संगणक सुरू झाला नाही, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडता येतो. त्यामुळे नवा कर्नल चालवून पाहण्याआधी जुना काढून टाकणे धोक्याचे असते. मात्र 'बूट'साठी वेगळे, लहान विभाजन केलेले असल्यास अनेक जुने कर्नल साठून जागा संपते व नवे पॅकेज अर्धवट बसते.