बारगीर, शिलेदार आणि तीन दिवसांची परीक्षा

कोरमंगलाहून डोमलूरकडे जाणारा रिंग रोड लष्करी जमिनीला खेटून जातो. कुंपणाच्या अलीकडे स्टार्टअपची ऑफिसं आणि कॉफीची दुकानं, पलीकडे आर्मी सर्व्हिस कोअरचा पसारा. इथल्या पोस्टिंगमध्ये सिव्हिलियन मित्र एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, रणगाड्यांच्या जमान्यात फौज घोडे कशाला पाळते?" एका वाक्यात उत्तर देणं अवघड आहे. पण इव्हेंटिंग या खेळाचा इतिहास सांगितला की निम्मं उत्तर आपोआप मिळतं.

हा खेळ जन्माला आला तोच छावणीत. १९०२ साली फ्रेंच सैन्याने पॅरिसला लष्करी घोड्यांची एक स्पर्धा घेतली. घोडा लढाईच्या कामाचा आहे की नुसता देखणा, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पुढे बराच काळ या खेळाला 'मिलिटरी' असंच नाव होतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो आला, तोही फक्त सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी.

त्यातले तीन भाग आजही त्या मूळ हेतूची आठवण देतात. पहिला ड्रेसाज, म्हणजे परेडची शिस्त. घोडा पायाच्या आणि लगामाच्या बारीक इशाऱ्यावर चालतो का, ते पंच टक्क्यांत मोजतात. १०० तून ते टक्के वजा केले की उरतात ते दंडाचे गुण. दुसरा क्रॉसकंट्री. ओढे, चर, ओंडके ओलांडत चार-साडेचार किलोमीटर दौड. जणू शत्रूच्या मुलखातून खलिता पोचवायचा आहे. घोडा अडथळ्यापाशी अडला तर २० गुण, ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर प्रत्येक सेकंदाला ०.४. स्वार पडला की खेळ खलास. तिसरा शो जंपिंग. रंगीत दांड्यांवरून उड्या, दांडी पडली की ४ गुण. ज्याचा एकूण दंड सर्वांत कमी, तो जिंकला.

आकडे कसे चालतात ते फौआद मिर्झांच्या उदाहरणावरून बघा. हा बंगळुरूचाच मुलगा, वडील घोड्यांचे डॉक्टर. टोकियो ऑलिंपिकमध्ये सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर ड्रेसाजला ७२ टक्के, म्हणजे २८ दंड. क्रॉसकंट्रीत एकही अडथळा चुकला नाही. पण वेळ ७ मिनिटं ४५ सेकंदांची होती, त्यांना ८ मिनिटं १३ सेकंद लागली. २८ सेकंदांचे झाले ११.२०. उड्यांत ८ गुण गेले आणि ४७.२० वर ते अंतिम फेरीत पोचले. शेवटी ५९.६० गुण आणि २३ वा क्रमांक. अठ्ठावीस सेकंद म्हणजे बुटाची नाडी बांधायचा वेळ. इथे तेवढ्याने माणूस कित्येक जागा खाली येतो.

अधिकाऱ्यांचा हट्ट किती टोकाला गेला होता, याचा एक किस्सा माजी सैनिकांना आवडेल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्यांचा एक स्वार, येनाल पेरसॉन, मुळात सार्जंट. स्पर्धेपुरता त्याला अधिकारी केलं आणि मग पुन्हा सार्जंट. हे उघड झाल्यावर १९४९ मध्ये पदक काढून घेतलं. १९५२ पासून मात्र दार सगळ्यांना उघडलं, आणि हाच पेरसॉन उजळ माथ्याने सुवर्ण घेऊन गेला. घोड्याला खांद्यावरच्या फिती कळत नाहीत, हे समजायला ऑलिंपिकवाल्यांना चाळीस वर्षं लागली. खडकवासल्याला आम्हाला रिकिबीत पाय ठेवायला शिकवणारे उस्ताद दफादारच होते.

आपल्याकडे हा खेळ फौजेनेच सांभाळला. १ ऑक्टोबर १९५३ ला ग्वाल्हेरला संस्थानी घोडदळं एकत्र करून जी रेजिमेंट उभी राहिली, ती आजची ६१ कॅव्हलरी. तिच्यात शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स आले, तसे म्हैसूर लान्सर्सही. हे म्हैसूरवाले १९१८ मध्ये जोधपूर लान्सर्ससोबत हैफाला लढलेले. त्यांचं स्मारक इथे जे. सी. नगरला आहे. याच ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकलं. रौप्य गुलाम मोहम्मद खान, कांस्य प्रल्हाद सिंग, आणि सांघिक सुवर्णही आपलंच.

त्यानंतरचं वैयक्तिक पदक आलं ते २०१८ मध्ये, जकार्ताला : मिर्झांचं रौप्य, सोबत सांघिक रौप्य. मधली ३६ वर्षं मराठी शब्दांत सांगायची तर बारगीर आणि शिलेदार आठवावेत. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. आपल्या खेळात बारगीर भरपूर होते. पण जगात स्पर्धा शिलेदारांची झाली होती. युरोपात तयार झालेला महागडा घोडा, तिथलाच प्रशिक्षक, वर्षभराचा मुक्काम. हा खर्च सरकारी तबेल्याच्या आवाक्यातला नव्हता. मिर्झांमागे बंगळुरूचा एम्बसी उद्योगसमूह उभा राहिला, तेव्हा गणित जमलं. २०२५ मध्ये पट्टायाच्या आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण आशिष लिमये यांनी आणलं. मराठी स्वाराने पुन्हा आशियात झेंडा लावला म्हणून ऊर भरून येतो.

मग फौजेचं काय काम उरलं? माझ्या मते या खेळातला सर्वांत मोठा क्षण उडीचा नसतो. क्रॉसकंट्रीनंतर, उड्यांच्या आधी घोड्यांची तपासणी होते. स्वार घोड्याला हातात धरून कडक जमिनीवर दुडकत नेतो, पंच आणि डॉक्टर फक्त त्याचे पाय बघतात. लंगडला तर घरी, मग आदल्या दिवशी तुम्ही पहिले असा नाहीतर शेवटचे. आणि हे नुसतं नियमापुरतं नाही. टोकियोत क्रॉसकंट्रीच्या त्याच दिवशी एका स्विस स्वाराच्या जेट सेट या घोड्याचा पाय इतका दुखावला, की त्याला दयामरण द्यावं लागलं.

काल जिंकताना आपल्या भिडूला उद्यासाठी शिल्लक ठेवलं का, हा प्रश्न कंपनी कमांडरलाही रोज पडतो. जवान थकला तर निदान तोंडाने सांगू शकतो, घोडा तेही सांगत नाही. ते ओळखावं लागतं. तरुण अधिकाऱ्याला ही ओळख शिकवायला तबेल्यासारखी शाळा नाही. घोडे पाळायला मला एवढं कारण पुरे आहे.