बडोद्याचें मध्यवर्ती ग्रंथालय

शाळा काढणारे राज्यकर्ते पुष्कळ झाले. शाळा सोडलेल्या मुलाची चिंता वाहणारे थोडे. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचें केलें. पण चार बुकें शिकून नांगर धरणाऱ्या मुलास पुढें वाचावयास कांहीं न मिळालें, तर थोड्याच वर्षांत तो अक्षरें विसरतो. उभा जन्म शाळेंत काढलेल्या माणसास हें निराळें सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून महाराजांनीं १९१० मध्यें विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविलें आणि राजवाड्यांतील आपले सुमारे २०,००० ग्रंथ लोकांस देऊन टाकले. त्या काळीं आपल्याकडील बहुतेक वाचनालयें वर्गणीदारांचीं असत. बडोद्यास मात्र दार सर्वांना फुकट उघडें. स्त्रियांकरितां व मुलांकरितां स्वतंत्र विभागही निघाले.

मला अधिक मोल वाटतें तें फिरत्या पेट्यांचें. शहरांतलें ग्रंथालय कितीही सुंदर असो, दूरच्या खेड्यांतला कुणबी तेथें यावयाचा कसा? म्हणून लांकडी पेटींत निवडक पुस्तकें घालून ती गांवोगांव रवाना होई. वाचून झालीं कीं पेटी परत, आणि तिच्या जागीं दुसरी. ज्या गांवास स्वतःचें वाचनालय हवें, त्यानें एक तृतीयांश रक्कम जमवावी, एक प्रांत पंचायतीनें द्यावी, एक सरकारनें, असा नियम होता. बोर्डेन १९१३ मध्यें परतले. पुढें न्यूटन मोहन दत्त यांनीं तें काम चालविलें.