आठ चाकी शहाणपण

मोटार कशी असावी याबद्दल आज जगात जेवढं एकमत आहे, तेवढं देव कसा असावा याबद्दलसुद्धा नाही. चार कोपऱ्यांना चार चाकं, पुढे दिवे, मागे डिकी, आणि स्टिअरिंगच्या मागे एक चिडलेला माणूस. रंग सोडला तर एक गाडी दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. लग्नाच्या हॉलबाहेर सुटाबुटातले गृहस्थ किल्लीचं बटण दाबत हिंडत असतात आणि कुठली गाडी 'कुंई' करते ते कान टवकारून ऐकत असतात. वासराच्या हंबरण्यावरून गाय ओळखावी, तसा प्रकार!

हे एकमत मात्र पुष्कळ उशिरा झालं. मोटार नवीन होती तेव्हा ती कशी असावी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तो करून बघत होता. मला या जुन्या गाड्यांच्या इतिहासाचा नाद आहे. नाद म्हणजे फुकटातला. जुनी मोटार पाळणं आणि हत्ती पाळणं यांत खर्चाच्या दृष्टीनं फरक इतकाच, की हत्तीचे सुटे भाग शोधत जुन्या बाजारात जावं लागत नाही. रोल्स-रॉइसबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. श्रीमंतांचं कौतुक करायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. मला ओढ वाटते ती फसलेल्या गाड्यांची. तसल्या गाडीचा फोटो बघून कुणी म्हणालं, "करणारा वेडा असला पाहिजे," की मला त्या माणसाचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं.

दुर्दैवानं माझा पहिलाच अशील असा आहे, की त्याच्यासाठी कुठलाही वकील कोर्टात उभा राहणार नाही.

१९१० साली कलकत्त्यात रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन नावाचा एक धनाढ्य स्कॉटिश इंजिनियर राहत होता. कलकत्ता तेव्हा हिंदुस्थानची राजधानी. तिथल्या साहेबलोकांत नुसती मोटार असणं ही काही चारचौघांत सांगण्याची गोष्ट उरली नव्हती. म्हणून मॅथ्यूसनसाहेबानं इंग्लंडातल्या लोस्टॉफ्ट गावच्या ब्रुक कंपनीकडे एक खास मोटार बनवायला टाकली. ब्रुक कंपनी बोटींच्याही धंद्यात होती, पण साहेबाला बोट नको होती. त्याला हवा होता हंस.

आणि कंपनीनं हंस केला! पुढे उंच बाकदार मान, मागे पिसाऱ्याची नक्षी, अंगावर सोन्याच्या वर्खातली कमळं. रात्री डोळ्यांत विजेचे दिवे लागत. चोच इंजिनाच्या पाण्याशी जोडलेली होती. समोरची गर्दी हटली नाही की चोच उघडायची आणि तीतून वाफ आणि गरम पाण्याचा फवारा सुटायचा. हॉर्नच्या जागी ऑर्गनच्या आठ नळ्या, त्या इंजिनाच्या धुरावर वाजत आणि त्यांच्यासाठी मागच्या सीटजवळ पट्ट्या होत्या, म्हणजे साहेबाला हॉर्नवर चक्क चाल वाजवता येई. ड्रायव्हरला हुकूम सोडायला, बोटीवरचा कप्तान इंजिनखान्याला इशारे देतो तसलं यंत्र होतं. आणि मागच्या बाजूला एक झडप होती. ती उघडली की रस्त्यावर पांढऱ्या चुन्याचं पाणी पडे. हंस अगदी हुबेहूब वाटावा म्हणून! यापेक्षा जास्त स्पष्ट मला लिहिता येत नाही, कारण काही वाचक जेवताना वाचतात.

आपल्याकडे हंसाचा मोठा गुण सांगितला आहे, तो म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करण्याचा. मॅथ्यूसनच्या हंसानं तो प्रश्न फार सोप्या रीतीनं सोडवला होता: नीर पुढून, क्षीर मागून.

आता या सगळ्या थाटात एक वस्तू मात्र शुद्ध अकलेची होती. चाकांना ब्रश बसवले होते, रस्त्यातलं हत्तीचं शेण टायरला चिकटलं तर झाडून टाकायला. जी गाडी स्वतःच रस्ताभर घाण करत चालली आहे, तिला दुसऱ्याच्या घाणीचा एवढा तिटकारा का, हा प्रश्न निराळा. पण हिंदुस्थानातल्या रस्त्याचा अभ्यास करून गाडी बांधणं म्हणजे काय, हे त्या ब्रशांत दिसतं.

हंस रस्त्यावर आला आणि कलकत्त्यात एकच धावपळ उडाली. तोंडातून वाफ सोडणारा, डोळे वटारणारा आणि मधूनच गाणारा पक्षी अंगावर आला तर माणसं काय करणार? पोलिसांनी गाडीला रस्त्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी, १९११ साली, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायची घोषणा झाली. इतिहासकार त्याची राजकीय कारणं देतात. देवोत बापडे. मला त्या हंसाचा संशय येतो.

पुढे ती गाडी नाभ्याच्या महाराजांकडे गेली. त्यांनी तिला सोबत म्हणून विजेवर चालणारं एक पिल्लूही करवून घेतलं! आई आणि पिल्लू दोघंही आज हॉलंडात हेग इथल्या लाउमन संग्रहालयात आहेत. एकत्र आहेत, हे महत्त्वाचं.

मॅथ्यूसनची ती निव्वळ हौस. मिल्टन रीव्ह्ज या गृहस्थाचं प्रकरण निराळं, आणि माझ्या मते फार जिव्हाळ्याचं. हा अमेरिकेतल्या इंडियाना प्रांतातला कोलंबस गावचा कारखानदार. त्याला प्रश्न पडला तो तुम्हाआम्हाला रोज पडतो: रेल्वेच्या डब्यात पोटातलं पाणी हलत नाही आणि मोटारीत आतडी गळ्याशी येतात, असं का? त्यानं बघितलं, डब्याला आठ चाकं असतात. चाकांची एक जोडी खाली गेली तरी तिच्या शेजारची जोडी भार धरून ठेवते, त्यामुळे वर बसलेल्याला धक्का निम्माच पोचतो. म्हणजे मोटारीलाही आठ चाकं हवीत! झालं. रीव्ह्जनं ओव्हरलँड कंपनीची एक बरी चाललेली मोटार घेतली, तिला आणखी चार चाकं लावली आणि नाव ठेवलं 'ऑक्टोऑटो'. लांबी भरली २० फुटांच्या वर. १९११ साली इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत झाली, तिथे त्यानं ती लोकांपुढे मांडली. किंमत ३,२०० डॉलर.

बसून बघितलेले म्हणत, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. विकत मात्र एकानंही घेतली नाही. त्या काळी टायर महाग, आणि पंक्चर तर रोजचंच. गिऱ्हाईक गाडीकडे बघून सुखाचा नव्हे, पंक्चरचा हिशेब करत असणार, आणि तो आठनं गुणून. पुढच्या वर्षी रीव्ह्जनं दोन चाकं काढून सहाचाकी 'सेक्स्टोऑटो' आणली. तीही कुणी घेतली नाही. घासाघिशीत एवढी माघार घेऊनही सौदा जमू नये, याचं मला वाईट वाटतं.

लोक फोटो बघून हसतात ते इथे. पण याच रीव्ह्जनं त्याआधी लाकूड कापायच्या गिरणीसाठी एक युक्ती काढलेली होती. दोन शंकू समोरासमोर ठेवायचे आणि मधून पट्टा फिरवायचा. शंकू जवळ आणले की पट्टा वर चढतो, लांब नेले की खाली उतरतो, म्हणजे गिअर न बदलता वेग बदलतो. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि आपल्याकडच्या बायाबापड्या पाय न आपटता, गिअर न टाकता स्कूटर चालवू लागल्या, ती याच तत्त्वावर. आज गल्लीतून घोंगावत जाणारी बिनगिअरची स्कूटर याच तत्त्वावर पळते. आठ चाकंदेखील काही वाया गेली नाहीत. मोठ्या ट्रकच्या मागच्या बाजूला जोडीनं बसवलेले आस बघा, हिशेब तोच. हिशेब बरोबर होता, गिऱ्हाईक चुकीचं होतं.

फ्रान्समधल्या मार्सेल लेयाचंही तसंच. तो विमानवाला. त्याचं म्हणणं, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायला क्लच हवा, गिअरबॉक्स हवी, डिफरन्शिअल हवं. एवढा खटाटोप कशाला? पुढे विमानाचा पंखा लावा, तोच गाडी ओढील! १९२० च्या आगेमागे त्यानं अशा तीसेक 'हेलिका' गाड्या केल्या. आत दोन माणसं एकामागे एक, सुकाणू मागच्या चाकांना, पुढे लाकडी पंखा गरगरतोय, आणि त्याच्याभोवती जाळी. १९२७ साली मोंलेरीच्या ट्रॅकवर हेलिकानं ताशी १७१ किलोमीटरचा वेग गाठला. म्हणजे यंत्र चोख. फक्त ते भर बाजारातून जाताना टोप्या, वर्तमानपत्रं आणि भाजीवाल्याची कोथिंबीर यांचं काय होईल, हे लेयाच्या समीकरणात नव्हतं.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण मागच्या चाकानं वळणाऱ्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे, तिथे हसू थांबतं. बकमिन्स्टर फुलरची 'डायमॅक्शन', १९३३ सालची. २० फुटांची, तीन चाकांची, मासोळीसारखी. ती आपल्या लांबीएवढ्या जागेत गर्रकन वळे आणि बघ्यांची करमणूक होई. पण बाजूनं वारा लागला की डुले, हे फुलरला ठाऊक होतं. खराब हवेत ती सराव झालेल्या माणसालाच चालवू देत. त्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाजवळ तिची दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली, गाडी उलटली आणि चालक जागच्या जागी गेला. चौकशीत ठपका गाडीच्या रचनेवर आला नाही. पण तोवर वर्तमानपत्रांनी 'विचित्र गाडी' म्हणून निकाल देऊन टाकला होता. एकूण तीन गाड्या झाल्या आणि विषय संपला. सर्वसामान्य मोटारी त्या वर्षी किती उलटल्या असतील! त्यांना कुणी विचित्र म्हटलं नाही. मला वकीलपत्र घ्यावंसं वाटतं ते यासाठी, आणि तरीही त्या चालकाच्या घरच्यांपुढे उभं राहून हा युक्तिवाद मला करता येणार नाही, हेही खरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र वेडेपणाला गरिबीची साथ मिळाली आणि तो एकदम व्यवहारी झाला. जर्मनीला विमानं करायची मनाई होती, तेव्हा मेसरश्मिटच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या होऊ लागल्या. फ्रिट्झ फेंड नावाचा इंजिनियर युद्धात अधू झालेल्यांसाठी गाड्या बनवत होता, त्यातून ही निघाली. वर विमानासारखा पारदर्शक घुमट, आत दोघंजण एकामागे एक. १९५५ च्या मॉडेलला रिव्हर्स गिअरच नव्हता. मग मागे कसं जायचं? इंजिन बंद करायचं आणि उलटं फिरवून चालू करायचं! त्यामुळे पुढचे चारही गिअर मागे जायलाही मिळत. पुढे जाण्याच्या वेगानं मागे जायची सोय यापूर्वी फक्त संसारात होती.

इटलीत इसो नावाची कंपनी फ्रिज करत असे. तिनं १९५३ साली 'इसेटा' काढली, तर तिचं दार थेट नाकावर! फ्रिजसारखं पुढून उघडा आणि आत बसा; स्टिअरिंग दाराबरोबर बाजूला होई. जर्मनीत बी.एम.डब्ल्यू.नं तसल्या दीड लाखावर गाड्या विकल्या. नाक भिंतीला लागलं तर छपराचं कापड दुमडून वरून बाहेर पडायचं. आणि आइल ऑफ मॅनवरची १९६२ ची पील पी-५०: लांबी १३७ सेंटिमीटर, एक दार, एक दिवा, ४९ सी.सी.चं इंजिन. रिव्हर्स मुळीच नाही. मागे एक कडी आहे. खाली उतरायचं, कडी धरून गाडी उचलायची आणि हवी तिकडे तोंड करून ठेवायची. बादली ठेवतात तशी.

या पंगतीत आपलं एक पान आहे, ते इचलकरंजीचं. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली, इंजिन मागच्या बाजूला. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते एकामागून एक सुधारलेले नमुने करत राहिले. तिला चोच नव्हती, पंखा नव्हता, आठ चाकंही नव्हती. मध्यमवर्गीय माणसाला परवडेल अशी गाडी, एवढाच तिचा विचित्रपणा. पण तो काळ परवान्यांचा होता. नुसती गाडी चालून भागत नसे, फाइलही चालावी लागे. कारखान्यातून मीरा कधी बाहेर पडलीच नाही, कारण कारखानाच झाला नाही. १९८३ च्या डिसेंबरात सामान्य माणसाची म्हणून मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचं घराणं जपानी. तिच्यासाठी पैसे भरून नंबर लावलेल्यांत इचलकरंजीचेही कुणीतरी असतीलच.